‘दुसरीकडे जा’ म्हणजे कुठे?
‘डॉक्टरच्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नसेल तर नकार द्यावा, बाई दुसरीकडे जाऊ शकते’ हे गर्भपातावरच्या लेखातलं वाक्य फार खटकलं. दुसरीकडे म्हणजे कुठे? माझ्या मावसबहिणीला तालुक्याच्या गावी ‘आम्ही हे करत नाही’ एवढंच सांगून परत पाठवलं. पुढच्या दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली, आणि तो कामाला सुरतेला. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याच्या सहीची अट कुठेच नाही! या फेऱ्यांत तीन आठवडे गेले. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटले की दोन डॉक्टरांचं मत लागतं, तेही ठरावीक कारणांसाठीच.

डॉक्टरवर जबरदस्ती नको, हे मलाही मान्य आहे. पण आयर्लंडच्या २०१८ च्या कायद्यात नकार देणाऱ्या डॉक्टरनेच त्या बाईला लवकरात लवकर दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवायची व्यवस्था करायची असते, आणि जीवावर बेतलं असेल तर नकार चालतच नाही. आपल्या कायद्यात नकाराबद्दल एक ओळसुद्धा नाही. निदान चिठ्ठीवर पुढचा पत्ता तरी लिहून द्या. ती त्या दुपारी मांडीवर फाईल घेऊन एसटी स्टँडवर बसली होती, कुठली गाडी धरायची तेच तिला कळत नव्हतं.