सोपी वाट

आमच्या मेहुण्यांच्या लेखी ‘सोपी वाट’ म्हणजे जिच्यावर माणूस दगावत नाही अशी वाट, हे मला सप्टेंबरातल्या एका रविवारी आंबा घाटात कळले. कोल्हापूरपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, रत्नागिरी रस्त्यावरच्या आंबा गावाजवळून रानात शिरायचे, ओढ्याच्या काठाकाठाने जायचे आणि वळसा घालून निघालो तिथेच परत यायचे, असा बेत होता. परत तिथेच यायचे असेल तर तिथेच बसून राहावे, ही माझी सूचना सौभाग्यवतींनी विचारातही घेतली नाही. “दाजी, ल्हान पोरंबी जात्यात की!” एवढे बोलून मेहुणे चालूही लागले.

‘काठाकाठाने’ हा शब्दही फसवा निघाला, कारण ओढा वाटेच्या बाजूने कमी आणि वाटेवरून जास्त वाहत होता. पहिल्यांदा तो ओलांडताना मी खडकावर बसून शिस्तीत बूट काढले, मोज्यांची घडी खिशात ठेवली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पलीकडे जाऊन हे सगळे उलट क्रमाने पार पाडले. दुसऱ्या वेळी एक मोजा सापडेना. तिसऱ्या वेळी मी बुटांसकट पाण्यात उतरलो, आणि तिथून पुढे मी जिथे जाईन तिथे माझ्याआधी ‘पचाक्, पचाक्’ असा आवाज पोहोचू लागला.

मग ओल्या पाचोळ्यावर एक काडी उभी राहून डुलताना दिसली. कापडवाल्याने वितीने कापड मोजावे तशी ती अंग आखडत, ताणत माझ्याच दिशेने येत होती. जळवेच्या दोन्ही टोकांना चूषक असतात, तिचा चावा सहसा कळत नाही आणि तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, ही उद्बोधक माहिती मेहुण्यांनी सावकाश दिली. तोवर माझ्या पोटरीवर दोघींनी बिऱ्हाड थाटले होते. काकडीसाठी पुडीत बांधून आणलेले मीठ त्या दोघींवर खर्ची पडले, आणि पुढे सर्वांना अळणी काकडी खावी लागली याचे खापरही माझ्याच डोक्यावर फुटले. (काकडी कडूही होती, तो दोष मात्र माझ्याकडे कसा येतो, हे मला अजून उमगलेले नाही.)

संध्याकाळी कोल्हापुरात ताटावर बसल्यावर मेहुणे तांबडा रस्सा ओरपत त्या वाटेचा सोपेपणा नव्याने सिद्ध करत होते. मध्येच त्यांचे लक्ष स्वतःच्या पांढऱ्या मोज्यावरच्या लाल डागाकडे गेले. “रस्सा सांडला वाटतं,” असे म्हणून त्यांनी तो पुसला. डाग पुन्हा उमटला. मी वाढप्याला बोलावून पांढरा रस्सा मागवला.