लिथुआनिया एकटा पडला तेव्हा

जानेवारी २०२२ मध्ये तैवानच्या सरकारी मद्य कंपनीने लिथुआनियात बनलेल्या रमच्या २०,४०० बाटल्या विकत घेतल्या. हा माल मुळात चीनला निघाला होता, पण चीनच्या बंदरात तो अडवला जाईल हे दिसू लागताच तैवानने तो आपल्याकडे वळवला, आणि ही रम स्वयंपाकात कशी वापरावी याच्या कृतीही तिथल्या सरकारने लोकांना सांगितल्या. चीनच्या वाढत्या सामर्थ्याला युरोप काय उत्तर देतो, हा विषय निघाला की मला आधी त्या बाटल्या आठवतात. अडचणीतल्या युरोपीय देशाचा माल उचलायला तैवान धावून आले, आणि युरोपातील शेजारी मात्र त्याला जपून वागण्याचा सल्ला देत होते.

कारण एका नावाचे होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये लिथुआनियाच्या राजधानीत, व्हिल्निअस येथे, तैवानचे जे प्रतिनिधी कार्यालय उघडले, त्याच्या नावात नेहमीच्या 'तैपेई'ऐवजी 'तैवान' हा शब्द होता. तैवानला आपलाच भाग मानणाऱ्या चीनने लिथुआनियाशी राजनैतिक संबंधांचा दर्जा खाली आणला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला चिनी सीमाशुल्क खात्याच्या संगणकातून लिथुआनिया हे नावच नाहीसे झाले, त्यामुळे तिथल्या मालाची कागदपत्रे भरणेही अशक्य झाले. लिथुआनियाची चीनला होणारी थेट निर्यात मुळातच अगदी थोडी होती, म्हणून खरा घाव दुसरीकडे घालण्यात आला. ज्या युरोपीय कंपन्यांच्या मालात लिथुआनियाचे सुटे भाग आहेत, त्यांच्यावर ते भाग वगळण्यासाठी दबाव आला. माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे, कारण युरोपची सामाईक बाजारपेठ ही ज्या देशांची सर्वांत मोठी ताकद, त्यांच्यातच त्या बाजारपेठेच्या आधाराने फूट पाडता येते, हे तेव्हा उघड झाले.

युरोपियन युनियनने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, पण दोन वर्षांनी ते प्रकरण स्वतःच थांबवले. आर्थिक बळजबरीविरुद्धचा नवा कायदा २७ डिसेंबर २०२३ रोजी अमलात आला, मात्र २०२५ अखेरपर्यंत तो एकदाही वापरला गेला नाही. चीन हा भागीदार, स्पर्धक आणि व्यवस्थेच्या पातळीवरचा प्रतिस्पर्धी आहे, असे युरोपियन आयोगाने मार्च २०१९ मध्येच लिहून ठेवले होते. या तीन शब्दांपैकी प्रत्येक राजधानी आपल्या सोयीचा शब्द उचलते, ही माझी तक्रार आहे. पिरेअस बंदरात चिनी भांडवल आल्यावर ग्रीसने २०१७ मध्ये चीनमधील मानवी हक्कांबाबतचे युरोपियन युनियनचे निवेदन अडवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनी विद्युत मोटारींवरील वाढीव शुल्काच्या विरोधात हंगेरीबरोबर जर्मनीनेही मत दिले.

नेदरलँड्सचा अनुभव तर अगदी अलीकडचा आहे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस डच सरकारने चिनी मालकीच्या नेक्सपेरिया या चिप कंपनीच्या कारभारावर एका जुन्या कायद्याच्या आधारे नियंत्रण आणले. या कंपनीच्या चिप्स काही सेंटना मिळणाऱ्या, दिवे, ब्रेक, खिडक्या अशा साध्या कामांसाठी लागणाऱ्या. चिप्स कोरलेल्या सिलिकॉनच्या चकत्या जर्मनीत हॅम्बुर्गला तयार होतात, पण बहुतेक चिप्सची जोडणी आणि चाचणी चीनमधील डोंगग्वान येथे होते. ४ ऑक्टोबरला चीनने तिथून होणारी निर्यात रोखली आणि युरोपातील मोटार कारखाने धास्तावले. चाकणला काम केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही, कारण एक किरकोळ भाग वेळेवर आला नाही तर अख्खी लाइन उभी राहते. १९ नोव्हेंबरला डच सरकारने आपला आदेश स्थगित केला.

कारखाने आणि त्यांतील नोकऱ्या यांची चिंता खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण चीनचा रोष ओढवणाऱ्या सदस्य देशाचे नुकसान सर्वांनी मिळून भरून देण्याची ठरलेली, आपोआप लागू होणारी सोय जोवर नाही, तोवर प्रत्येक छोटा देश आधी स्वतःपुरतेच पाहणार. लिथुआनियात २०२४ च्या निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने चीनशी संबंध पूर्ववत करण्याची इच्छा जाहीर केली. त्यासाठी मी त्या देशाला दोष देणार नाही. व्हिल्निअसने आपली किंमत मोजली आहे, आणि ती मोजताना बर्लिन व पॅरिसने त्यातला किती वाटा उचलला, याचा हिशेब अजून कोणी मागितलेला नाही.