पराळी, भूजल आणि दुपारी दीडचा उपग्रह

दर नोव्हेंबरला दिल्लीचा धूर टीव्हीवर दिसला की पंजाबच्या शेतकऱ्याला झोडपायला सगळे पुढे. पराळी, म्हणजे भाताच्या कापणीनंतर रानात उरलेला पेंढा, पेटवतो तोच, खरं आहे. पण ती आग ऐन नोव्हेंबरच्या तोंडावर कशी येऊन ठेपली? आशियातल्या पर्यावरण-संशोधनाने आधी काय हाती घ्यावं, याचं उत्तर मला याच प्रश्नात दिसतं.

2009 मध्ये पंजाबने भूजल वाचवायला कायदा केला: 10 मेआधी भाताचं रोप टाकायचं नाही, 10 जूनआधी लावणी करायची नाही. हेतू रास्तच होता. मेच्या उन्हात खाचरं भरून ठेवायची आणि शेतीची वीज फुकट, मग पंप कोण बंद करणार? 2018 मध्ये तर लावणी 20 जूनवर गेली. लावणी लांबली तशी कापणी लांबली. गव्हाला मात्र थांबून चालत नाही. पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापलीकडे गेली की मार्चच्या उन्हात दाणा बारीक राहतो. मधे रान मोकळं करायला उरतात पंधरा-वीस दिवस, म्हणून काडी. नेमका तेव्हाच वारा पडतो आणि धूर जमिनीलगत कोंडतो. कायदा हे एकमेव कारण नाही, कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, मागे सोडते ते उभे खुंट आणि पेंढ्याची ओळ हेही आहेच. पण पाण्यासाठी घेतलेला निर्णय हवेवर काय करेल, हे कायदा करण्याआधी तपासायला हवं होतं. आशियातल्या पर्यावरण-संशोधनाची पहिली निकड मला हीच वाटते.

दुसरी निकड मोजमापाची. आगी मोजणारे नासाचे मुख्य उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. काडी त्यानंतर लागली तर ती आग मोजणीत येतच नाही. कोरियाच्या भूस्थिर, म्हणजे एकाच भागावर सतत नजर ठेवणाऱ्या उपग्रहाच्या चित्रांत दुपारनंतरचा धूर दिसला, तेव्हा ही गोम उघड झाली. तरीही 'आगी इतक्या टक्क्यांनी घटल्या' ही प्रसिद्धिपत्रकं चालूच! दिल्लीच्या हवेत पराळीचा वाटा किती, याचा अंदाज देणारी यंत्रणा आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेची. तिच्या गणितातही या उपग्रही आगी जातात, म्हणजे मोजणी चुकली की अंदाजही चुकणार. आगींचे ठिपके मोजण्यापेक्षा जळालेलं क्षेत्र मोजा. काळं पडलेलं रान संध्याकाळी पेटलं तरी दुसऱ्या दिवशी दिसतंच.

यंत्रांचंही तसंच. पेंढा न जाळता त्यातच गहू पेरणारे हॅपी सीडर किती वाटले याचे आकडे मिळतात. हंगामात एक यंत्र प्रत्यक्ष किती एकर चाललं, ते विचारा. एकरी अडीच-तीन टन पेंढा असतो. कंबाइनला तो पसरवणारं जोडयंत्र नसेल तर ढीग राहतात आणि फणात पेंढा गुंततो. सकाळी दवाने पेंढा ओला, म्हणजे ऊन चढेपर्यंत यंत्र बांधावर उभं. लहान ट्रॅक्टरला ते ओढवतही नाही.

वाणाचा प्रश्न याहून अवघड. पीआर 126 हे भाताचं वाण पुसा 44 या जुन्या वाणापेक्षा महिनाभर तरी आधी निघतं, पाणीही कमी लागतं. पण हमीभाव क्विंटलवर मिळतो, दिवसांवर नाही. त्यामुळे जास्त उतारा देणारं लांब मुदतीचं वाण शेतकरी सहजी सोडत नाही. 2024 मध्ये तर गिरणीवाल्यांनीही पीआर 126 च्या भातातून तांदूळ कमी निघतो म्हणून हात आखडता घेतला. लवकर निघणाऱ्या वाणाला क्विंटलमागे किती जादा दिले तर शेतकरी वळेल, हा आकडा कोणी काढून द्यावा. हॅपी सीडरच्या अनुदानाशी तो ताडून तरी बघता येईल.