रिटर्न पाइपमधून डिझेल आलं म्हणजे पंप गेला, असं नाही

‘रिटर्न पाइपमधून डिझेल परत येतंय म्हणजे हाय-प्रेशर पंपातलं प्लंजरचं रबर सील फाटलंय, लगेच बदला’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (रिटर्न पाइप म्हणजे जादा डिझेल टाकीत परत नेणारी नळी.)

कॉमन रेल पंपात (आजच्या डिझेल इंजिनांतला हाय-प्रेशर पंप) 2000 बारपर्यंतचा, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 2000 पट, दाब रबराची रिंग अडवत नाही. प्लंजर (डिझेल दाबणारा, पुढे-मागे सरकणारा दांडा) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) इतके अचूक घासून बसवलेले असतात की मधली फट जेमतेम काही मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) राहते. तीच फट प्लंजरला सरळ ठेवते आणि तीच दाब अडवते. तिच्यातून झिरपणारं थोडं डिझेल घर्षण कमी करतं आणि रिटर्नने टाकीत जातं. ते झिरपायलाच हवं! शिवाय अनेक इंजिनांत इंजेक्टरचं (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) आणि दाबनियंत्रक व्हॉल्व्हचं जादा डिझेलही त्याच वाटेने परततं.

प्रश्न प्रमाणाचा आहे. फट दुप्पट झाली तर गळती साधारण आठपट होते, म्हणून घासून फट वाढवणारं अस्वच्छ इंधन घातक. रिटर्न मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडल्याशिवाय पंप उतरवू नका.

डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) पेट्रोल इंजिनाच्या हाय-प्रेशर पंपात मात्र प्लंजरखाली खरंच सील असतं, पेट्रोल आणि इंजिन ऑइल वेगळं ठेवणारं. ते गेलं तर ऑइलला पेट्रोलचा वास येतो, पातळी वाढते.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.