ग्रीन टी कडू नसतो, आपण तो कडू करतो

काल सकाळी फिरायला गेले तर ग्रुपमधल्या एकीने पहिला प्रश्न टाकला, "काय गं, जपानहून खरा ग्रीन टी आणलास म्हणे. किती उतरलं मग?" मी म्हटलं, चहा पाव किलो आणलाय आणि माझं वजन दीड किलोने वाढलंय. तिथल्या मोचीला, म्हणजे तांदळाच्या मऊ मिठाईला, नाही कोण म्हणणार!

सगळ्या हसल्या. पण मला तो प्रश्न दिवसभर टोचत राहिला. चव कशी होती हे कुणीच विचारलं नाही. आपल्याकडे ग्रीन टी हा चहा नाहीच, ती शिक्षा आहे. शुगर काठावर आली, पँटचं बटण लागेना की माणूस ग्रीन टीच्या वाटेला लागतो.

मीही त्यातलीच. बँकेतून निवृत्त व्हायच्या आधी रिपोर्ट थोडे वर सरकले, तेव्हा एका सहकारी बाईंनी टी-बॅगचं खोकं हातात ठेवलं. मी आपल्या चहासारखंच आधण ठेवलं, खळखळून उकळी आली, बॅग टाकली, वर पाच मिनिटं झाकण. जे तयार झालं ते नाक दाबून प्यायले. आई तेव्हा होती. ती म्हणाली, "ग्रीन टी म्हणजे आपला गवती चहाच ना?" तो असता तर काय हवं होतं! गवती चहाला निदान वास तरी छान.

यंदा एप्रिलअखेर आम्ही दोघं लेकीकडे गेलो. ती तोक्योत निशी-कासाईला राहते. तिथे इतके भारतीय आहेत की पोह्यांची सोय सहज होते. तिथून क्योतोला निघालो. शिझुओकाच्या पुढे शिंकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, खिडकीतून चहाचे मळे दिसायला लागले, भादरल्यासारखे गोल कापलेले, ओळीच ओळी. मधूनमधून उंच खांब आणि त्यांवर पंखे. ह्यांचं मत पडलं की वीज तयार करत असतील. जावई म्हणाले, नाही बाबा, ते थंडीसाठी आहेत. हिमाच्या रात्री जमिनीलगतची हवा गारठते, वरची जरा उबदार असते. पंखे ती वरची हवा खाली ढकलतात आणि कोवळी पानं वाचतात. तिथलं माकिनोहाराचं पठार मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, चहाखाली आणलं ते नोकरी गेलेल्या सामुराई योद्ध्यांनी, हेही त्यांच्याकडूनच कळलं. तलवारी ठेवल्या आणि कुदळी घेतल्या. आमच्या ह्यांना हा भाग फार आवडला.

उजी हे क्योतोपासून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आतलं गाव. त्यांच्या दहा येनच्या नाण्यावर जे देऊळ आहे, ते ब्योदो-इन इथलंच, १०५३ सालचं. पुलाच्या तोंडाशी ११६० पासूनचं चहाचं दुकान आहे, त्सुएन नावाचं. ११६०! म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहून व्हायला अजून सव्वाशे-दीडशे वर्षं होती.

पण माझे डोळे उघडले ते दुसऱ्याच एका बारक्या दुकानात. दुकानातल्या आजी सत्तरीच्या पुढच्या. आम्ही ग्योकुरो मागितला, म्हणजे सावलीत वाढवलेल्या पानांचा उंची ग्रीन टी. त्यांनी उकळतं पाणी घेतलं आणि पानांवर ओतायच्या ऐवजी रिकाम्या भांड्यात ओतलं. तिथून कपात. कपातून परत दुसऱ्या भांड्यात. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. लेक म्हणाली, "आई, पाणी निववतायत. एकदा इकडचं तिकडे केलं की साधारण दहा अंश उतरतं." ग्योकुरोला पाणी पन्नास-साठ अंशांवरच हवं. सेन्चाला, म्हणजे त्यांच्या रोजच्या साध्या ग्रीन टीला, सत्तर-ऐंशी. आणि मी पाच मिनिटं झाकण ठेवून उकळत होते!

कारण सोपं आहे. पानातला कडू-तुरटपणा म्हणजे कॅटेचिन, आणि ती कडकडीत पाण्यात भराभर उतरतात. गोडसर, रसदार चव थिआनिन नावाच्या घटकाची, ती कोमट पाण्यातही उतरते. शिवाय ग्योकुरोच्या झाडांवर खुडणीआधी तीनेक आठवडे सावली धरतात. ऊन लागलं की थिआनिनचं कॅटेचिन होत जातं, सावलीत ते टिकून राहतं. झाड मात्र तेच, ज्याचा आपला आसामचा चहा होतो त्याच कुळातलं. आपल्या चहाची पानं काळी पडू देतात, जपानी लोक खुडल्या खुडल्या वाफ देतात म्हणून ती हिरवी राहतात. वाफवून, गरम ओट्यावर हाताने वळून सुकवायची पद्धत उजीजवळच्याच नागातानी सोएन नावाच्या माणसाने १७३८ मध्ये बसवली, असं मानतात.

आजींनी तीन कपांत आळीपाळीने थोडं थोडं ओतलं, शेवटचा थेंबसुद्धा झटकून. सगळ्यांचा चहा सारखाच कडक व्हावा म्हणून. माझी आई पाहुण्यांच्या कपबशा अशाच भरायची, दोनदा फिरून. कपात होता जेमतेम दोन-तीन चमचे चहा. घोट घेतला आणि पहिला शब्द आठवला तो 'कट'. पुरणाची डाळ शिजल्यावर वर येतो तो कट! तसाच दाट, गोडसर, खारट म्हणावा तर खारट नाही, आणि मागे समुद्राकडचा हलका वास. कडूपणाचं नाव नाही. तीनदा पाणी घातल्यावर उरलेली पानं आजींनी आंबट सॉस घालून खायला दिली. मेथीच्या कोवळ्या भाजीसारखी लागली.

तिथले लोक चहाला 'ओचा' म्हणतात. तो 'ओ' मानाचा. म्हणजे चहाराव किंवा चहासाहेब म्हणा. माझी सातारकडची आजी 'च्या' म्हणायची, तिला तिथे कुणी परकं समजलं नसतं.

नदीकाठी नगरपालिकेचं चहाघर आहे, ताइहो-आन. तिथे माच्चा, म्हणजे ग्रीन टीची पूड घुसळून केलेला चहा, प्यायलो. वज्रासनात बसायचं म्हटल्यावर माझे गुडघे आधीच कुरकुरले. पण खुर्चीवर बसून चहाचा विधी करायची रीतही त्यांच्याकडे आहे, १८७२ च्या क्योतो प्रदर्शनाच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी काढलेली. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्या गुडघ्यांचा विचार करून ठेवला होता! आधी गोड खायचं, मग चहा. वाडगा हातात घेऊन जरासा फिरवायचा, कारण त्याची दर्शनी बाजू ओठांना लावायची नसते. शेवटचा घोट आवाज करून ओढायचा. आयुष्यभर बशीतून फुर्र केलं म्हणून ओरडा खाल्लेल्या ह्यांनी तो घोट इतका मन लावून ओढला की शेजारची जपानी बाई गालात हसली.

जुन्या चहाघरांना निजिरिगुची नावाचं एक बुटकं दार असतं, दोन-सव्वादोन फुटांचं. सरपटतच आत जावं लागतं. तलवार बाहेर ठेवायची, सरदार असला तरी मान वाकवायची. सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यू या चहाविधीच्या गुरूच्या नावावर ही कल्पना सांगतात. मला आपल्या वाड्यांचा दिंडी दरवाजा आठवला. पुढे १५९१ मध्ये तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने याच रिक्यूला पोट चिरून घ्यायची आज्ञा केली. चहा शिकवणाऱ्या माणसाला! त्यानंतर त्या शांततेकडे मला जरा वेगळ्याच नजरेने बघावंसं वाटलं.

आता तब्येतीचं, कारण विचारल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. जपानच्या मियागी प्रांतात ४० ते ७९ वयाच्या ४०,५३० लोकांचा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. रोज पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत, एका कपाहून कमी पिणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण पुरुषांत १२ आणि बायकांत २३ टक्के कमी दिसलं. फरक मुख्यतः हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मृत्यूंत. कॅन्सरच्या मृत्यूंत फरक नव्हता. शिवाय हे फक्त निरीक्षण आहे. ती माणसं मासे खातात, चालतात, त्यातलं चहाचं श्रेय किती हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि वजन? वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१२ चा आढावा आहे, त्यात उतरलेलं वजन इतकं किरकोळ की धरू नये. तेव्हा पोटाच्या घेराची जबाबदारी चहावर नको. साखर-दुधाचे चार कप सुटले तर जो फायदा होतो, तो सुटल्याचा.

दोन गोष्टी मात्र बायकांनी ऐकाच. जेवणावर लगेच चहा, हिरवा असो की काळा, घेऊ नका. अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि आपल्यातल्या निम्म्याजणींचं हिमोग्लोबिन आधीच रडतंय. तासाभराने घ्या. दुसरं, ग्रीन टी अर्काच्या गोळ्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय की त्यातलं मुख्य कॅटेचिन रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेलं तर यकृतावर ताण येऊ शकतो. कपातला चहा वेगळा आणि गोळी वेगळी. हो, आणि माच्चा संध्याकाळी नको. मी पाचला प्यायले आणि रात्री दोनला हॉटेलच्या छताकडे बघत पडले होते.

परतीच्या आधी ओकायामाला गेलो, खास तिथली कोराकुएन बाग बघायला. पुण्यातली सिंहगड रोडची आपली पु. ल. देशपांडे बाग याच बागेवरून बेतलेली आहे. नातवंडांना घेऊन तिथे इतक्यांदा गेलेय की मूळ बागेत शिरताना सासरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण एक गोष्ट नवीन होती. मूळ बागेत चहाचा छोटा मळा आहे आणि मे महिन्यात तिथे खुडणीचा सोहळा असतो. आमचा तो थोडक्यात हुकला.

घरी आता दुपारी चारला सेन्चा. थर्मामीटर वगैरे काही नाही, दोन पातेल्यांत पाणी इकडून तिकडे. सकाळचा आल्याचा दुधाचा चहा मी सोडलेला नाही आणि सोडणार नाही.

परवा जाऊबाई आल्या होत्या. मी देवपूजेत होते, तर त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन डब्यातला होजिचा, म्हणजे भाजलेल्या पानांचा चहा, आपल्या पद्धतीने दूध-साखर घालून खळाखळा उकळला. वर वेलची. मी बाहेर येऊन कपाळावर हात मारला, उजीच्या आजी डोळ्यांसमोर आल्या. मग घोट घेतला. खमंग, भाजक्या शेंगदाण्यासारखा वास, मस्त गोड.

अर्धा डबा संपलाय. लेकीला सांगितलंय, दिवाळीला येशील तेव्हा होजिचाच आण.