तीन माणसं, जागा एकाची

भाच्याला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण हवं होतं. विषय होता 'स्पर्धेतूनच प्रगती'. "मामा, त्यात रशिया-अमेरिका टाक ना, चंद्रावर कोण आधी ते." टाकलं. खणखणीत भाषण लिहून दिलं, बक्षीसही आलं. तेव्हापासून मलाच ते टोचतंय, कारण त्यात मी व्होसखोद हे सोव्हिएत यान गाळलं होतं.

1964 साल. अमेरिका दोघांना नेणारं जेमिनी यान बनवत होती. मॉस्कोला त्याच्या आधी तिघं वर पाठवून दाखवायचे होते. हाताशी काय, तर अंतराळात गेलेल्या पहिल्या माणसाला, गागारिनला, नेणारं व्होस्तोक. सव्वादोन मीटर व्यासाचा गोळा, एका माणसापुरता. नवं यान व्हायला वेळ लागणार होता, मग वडापवाल्याचा हिशोब लावला: सरकून बसा! त्या जुन्याचंच झालं व्होसखोद.

धोक्याच्या वेळी माणसाला बाहेर फेकणारी खुर्ची काढून टाकली. तिच्या जागी तीन बसवल्या, त्याही नव्वद अंशांत फिरवून. उपकरणांचा फलक मात्र जुन्याच जागी, म्हणजे काही वाचायचं तर मान वाकडी करा. तरीही जागा पुरेना, म्हणून अंतराळपोशाखच रद्द. तिघं साध्या कपड्यांत बसले. उडतानाच रॉकेट बिघडलं असतं तर सुटायला वाट नव्हती. तिघांतला फेओक्तिस्तोव हा यान रचणाऱ्या अभियंत्यांपैकीच एक. आचाऱ्यालाच पहिल्या पंगतीला बसवल्यासारखं. दुसरा येगोरोव, डॉक्टर. कमांडर व्लादिमीर कोमारोव. याचं नाव लक्षात ठेवा.

12 ऑक्टोबरला उडाले, दुसऱ्या दिवशी सुखरूप उतरले. पोशाख न घालता गेले, हीसुद्धा बढाई म्हणून मिरवली गेली. वर असताना सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने त्यांचं अभिनंदन केलं आणि ते उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचीच खुर्ची गेली. मॉस्कोत स्वागताला त्याच्या जागी आलेला ब्रेझनेव्ह!

पुढे मार्च 1965 मध्ये, माणसं घेऊन पहिलं जेमिनी उडायच्या पाच दिवस आधी, सोव्हिएत अंतराळवीर लिओनोव अंतराळात यानाबाहेर पडला. तिथे पोशाख फुगला, आत शिरता येईना, पोशाखातली हवा सोडून कसाबसा आला. तोही 'पहिला' झाला. आणि मग दोन वर्षं सोव्हिएत माणूस वर गेलाच नाही. त्याच काळात, वीस महिन्यांत, जेमिनीची माणसांसह 10 उड्डाणं झाली. दोन यानं जवळ आणणं, जोडणं, चौदा दिवस वर राहणं, बाहेर जाऊन हातांनी काम करणं. चंद्रावर जायला लागतो तो गृहपाठ हा. 'पहिला, पहिला' करत पळणारा इथे मागे पडला.

अमेरिका काही संत नव्हती. गागारिनच्या उड्डाणानंतर आठ दिवसांनी, क्युबावरच्या बे ऑफ पिग्ज स्वारीची फजिती अगदी ताजी असताना, अध्यक्ष केनेडींनी उपाध्यक्ष जॉन्सनना चिठ्ठी पाठवली. रशियनांना हरवता येईल असं आपल्याला काय जमेल? अंतराळात प्रयोगशाळा? चंद्राला फेरी? माणूस चंद्रावर नेऊन परत आणणं? दुकानात शिरून "शेजाऱ्यांकडे नाही असं काहीतरी दाखवा" म्हणावं तसं. 1962 मध्ये नासाच्या प्रमुखांशी बोलताना तर, मला अंतराळात तेवढा रस नाही, असं ते स्पष्टच म्हणाले. संभाषण ध्वनिमुद्रित आहे. एकदा जिंकल्यावर अपोलोची, म्हणजे चंद्रावर माणूस नेणाऱ्या अमेरिकी मोहिमेची, पुढची उड्डाणं कापली गेली आणि डिसेंबर 1972 नंतर चंद्रावर कोणी पाऊल ठेवलेलं नाही.

त्या चढाओढीने पैसा आणला, हे मी नाकारत नाही. आपल्यालाही त्यातून मिळालं: 1963 मध्ये केरळातल्या थुंबाहून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकन, 1984 मध्ये राकेश शर्मांना नेणारं यान सोव्हिएत. माझा राग आहे तो घाईवर. ती घाई कोणाच्या जिवावर झाली, ते भाषणात येत नाही.

27 जानेवारी 1967 ला केप केनेडीवर सरावाच्या वेळी अपोलोच्या कक्षात आग लागली. आत शुद्ध ऑक्सिजन, दार आतल्या बाजूला उघडणारं. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर गेले. तीन महिन्यांनी, रशियन क्रांतीचं पन्नासावं वर्ष आणि मे दिन तोंडावर असताना, कोमारोव सोयुझ या नव्या सोव्हिएत यानात एकटा बसला. माणसांविना झालेल्या चाचण्या आधीच फसल्या होत्या. वर गेल्यावर एक सौरपंख उघडला नाही. परतताना मुख्य पॅराशूट उघडलं नाही आणि राखीव गुरफटलं.

भाच्याला आता दुसरं भाषण हवंय, जिल्हा पातळीसाठी. मी त्याला एवढंच सांगितलं: 1971 मध्ये अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटने चंद्राच्या मातीवर, कोणताही गाजावाजा न करता, ॲल्युमिनियमची एक छोटी आकृती आणि एक पाटी ठेवली. पाटीवर दोन्ही देशांच्या 14 मृत अंतराळवीरांची नावं आहेत, वर्णक्रमाने. त्यामुळे ग्रिसमच्या लगेच खाली कोमारोव आहे.