दोष एका गेमचा नव्हता

व्हिडिओ गेमच्या इतिहासाचा विषय निघाला की न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डोच्या कचरा डेपोची गोष्ट हमखास सांगितली जाते. टीव्हीला जोडायची गेमची यंत्रे विकणाऱ्या अटारी कंपनीने ‘ई.टी.’ चित्रपटावर इतका वाईट गेम काढला की न खपलेल्या कॅसेट १९८३ मध्ये जमिनीत पुराव्या लागल्या आणि त्या एका गेमपायी अमेरिकेतील सगळा धंदा बसला, असे तिचे सार. गोष्ट रंजक आहे, पण कारणमीमांसा म्हणून ती मला कधीच पटलेली नाही. माझ्या मते या पडझडीची सुरुवात शोधायची असेल तर १९७९ पर्यंत मागे जावे लागते.

वॉर्नर कम्युनिकेशन्स या मनोरंजन कंपनीने १९७६ मध्ये अटारी विकत घेतली आणि पुढे कापड उद्योगातून आलेले रे कॅसार तिचे प्रमुख झाले. गेम तयार करणाऱ्या प्रोग्रामरचे नाव तेव्हा खोक्यावरही छापले जात नसे, मग विक्रीतला वाटा मिळणे दूरच. वॉरन रॉबिनेट यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर’ या गेममध्ये एक गुप्त खोली तयार करून तिच्यात स्वतःचे नाव लपवले आणि ते नोकरी सोडून गेल्यानंतरच कंपनीला त्याचा पत्ता लागला. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लान, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी मात्र उघडपणे श्रेय आणि मोबदला मागितला, तो नाकारला गेला, आणि त्यांनी बाहेर पडून १९७९ मध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ या स्वतंत्र गेम कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला. अटारीच्याच यंत्रावर चालणारे, पण अटारीने न काढलेले गेम बाजारात येऊ लागले. अटारीने खटला भरला, १९८२ मध्ये तडजोड झाली, आणि रॉयल्टी भरून दुसऱ्याच्या यंत्रासाठी गेम विकण्याचा मार्ग रुळला. रॉयल्टी न भरणाऱ्यांना अडवण्याची सोय तर त्या यंत्रात मुळातच नव्हती. त्यामुळे ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेसुद्धा गेमच्या धंद्यात उडी घेतली!

असे गेम वारेमाप झाले आणि खरा घात दुकानांत झाला. न खपलेला माल परत घेण्याइतके पैसे लहान कंपन्यांकडे नव्हते आणि त्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा दुकानदारांनी तीस-पस्तीस डॉलरच्या कॅसेट पाच डॉलरला काढायला सुरुवात केली. मग शेजारी ठेवलेला चांगला गेम पूर्ण किमतीला कोण घेणार? ७ डिसेंबर १९८२ रोजी अटारीने आपला विक्रीवाढीचा अंदाज एकदम खाली आणला आणि वॉर्नरचे शेअर कोसळले. अमेरिकेतील घरगुती गेमची उलाढाल १९८३ मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलर होती, ती १९८५ पर्यंत सुमारे १० कोटी डॉलरवर आली, असे सांगितले जाते. ‘ई.टी.’ करणारे हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना त्या कामासाठी जेमतेम पाच आठवडे मिळाले होते, हे त्यांना नावे ठेवणारे सहसा सांगत नाहीत. शिवाय २०१४ मध्ये तो डेपो खणला, तेव्हा ‘सेंटिपीड’सारख्या चांगल्या खपलेल्या गेमच्या कॅसेटही वर आल्या. अटारीने तिथे केवळ एक फसलेला गेम नव्हे, तर शिल्लक माल पुरला होता.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने यातून जो धडा घेतला तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलेल्या ‘फॅमिकॉम’ या आपल्या गेमयंत्राचे नवे रूप १९८५ मध्ये अमेरिकेत आणताना कंपनीने यंत्रात आणि कॅसेटमध्ये कुलूप-किल्लीसारखी चिप बसवली. परवानगी असेल तरच गेम चालणार, एका कंपनीला वर्षाला साधारण पाचच गेम काढता येणार, आणि कॅसेट निन्टेंडोच बनवणार, अशा अटी होत्या. दुकानातला कचरा त्यामुळे आटोक्यात आला, हे मान्यच करायला हवे. पण कोणता गेम लोकांपर्यंत पोहोचावा हे ठरवण्याचा अधिकार यंत्र बनवणाऱ्याच्या हाती गेला आणि पुढे तो तिथेच राहिला. आज मोबाइलवरची अ‍ॅप-दुकाने तीस टक्क्यांपर्यंत दलाली घेतात, त्याची मुळे मला या व्यवस्थेत दिसतात.

गंमत म्हणजे जपानच्या मूळ फॅमिकॉममध्ये ही कुलपाची चिप नव्हती. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरोघरी ‘टीव्ही गेम’ म्हणून आलेली स्वस्त यंत्रे याच फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि म्हणूनच लाखो गेमचा दावा करणाऱ्या नकली कॅसेट त्यांत बिनदिक्कत चालत. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ आमच्या पिढीने असेच खेळले. त्यांतल्या कित्येक प्रतींच्या पहिल्या पडद्यावरून मूळ कंपनीचे नावही पुसलेले असे, आणि ज्यांनी ते गेम तयार केले त्यांना आमच्या पैशांतला एक रुपयाही मिळाला नाही. मक्तेदारीविरुद्ध बोलताना मला हीही बाजू विसरता येत नाही, म्हणून कुलूप नकोच असे मी सरसकट म्हणत नाही. माझा आक्षेप किल्ली एकाच कंपनीच्या खिशात असण्याला आहे.